सकाळी गेलेले दिवे

रावेतची गवराबाई भोंडवे कारखान्यात लागली ती पाण्यामुळे. चिंचवड आणि आकुर्डीच्या मधे पंपांचा तो कारखाना उभा राहत होता, तेव्हा ती बांधकामावर पाणी मारायला होती. भिंती झाल्या, पत्रे चढले, गवंडी आपापल्या गावी गेले, पण गवराबाई राहिली. आधी बागेला पाणी घातलं, मग कॅन्टीनचे माठ भरले आणि एकोणसाठ सालच्या मार्चात तिला यंत्राच्या खोलीवर धाडलं. काम तेच होतं, फक्त पाणी आता वाळ्याच्या पडद्यांवर मारायचं होतं.

त्या खोलीत विलायतेहून आणलेलं गणकयंत्र होतं. पाच लोखंडी कपाटं एका ओळीत उभी, आणि दारं काढून टाकलेली, म्हणून कारखान्यात सगळे त्याला नुसतं ‘कपाट’ म्हणत. आत फळ्यांवर ओळीनं काचेचे दिवे. रेडिओत असतात तसले, पण रेडिओत पाच-सहा, इथं सहाशे. पंपाच्या पात्याला किती बाक द्यायचा याची आकडेमोड दहा माणसं महिनाभर करत बसतील, ती हे यंत्र दोन दिवसांत करतं, असं खांबेटे साहेब पाहुण्यांना सांगत. खांबेटे साहेब मँचेस्टरला शिकून आलेले, तिशीतले, बारीक अंगाचे. यंत्र त्यांच्याच हट्टानं आलं होतं, त्यामुळे ते चाललं नाही तर बोल त्यांनाच लागणार होता.

आणि ते धड चालत नव्हतं. सहाशे दिवे पेटले की खोलीची भट्टी व्हायची. गवराबाईचं बोट पहिल्याच आठवड्यात एका काचेला लागलं, तर तव्याला लागावं तसा फोड आला. साहेब म्हणाले, "दिवा गरम असायलाच हवा, त्याशिवाय तो काम करत नाही. पण खोली गरम नको. हवा थंड असली की काचेवरची जास्तीची उष्णता निघून जाते. खोली तापली की ती जायची कुठं?" त्यांनी पूर्वेच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवला होता आणि पश्चिमेच्या चार खिडक्यांना वाळ्याचे जाड पडदे. पंखा हवा ओढायचा, ती ओल्या वाळ्यातून गार होऊन आत यायची. भिंतीवर तापमापी, तिच्यावर पंच्याण्णव अंशांवर साहेबांनी लाल रंगाची रेघ मारलेली. पारा रेघेच्या वर गेला की पडदे कोरडे झाले समजायचं.

गवराबाई साडेसहाला यायची. सात वाजता ज्योतीराम मेकॅनिक मुख्य बटण दाबायचा. ज्योतीराम कोरेगावकडचा, पलटणीत वायरलेसवर होता, लढाई संपल्यावर पेन्शनीत आलेला. पन्नाशीचा, शांत माणूस. यंत्र तापायला पाऊण तास लागतो, म्हणून बटण दाबून तो चहाला जायचा. साहेब साडेनवाला येत. ते आधी एक ठरलेलं गणित यंत्राला घालत. त्याचं उत्तर चुकलं, की कुठला तरी दिवा गेला. मग सहाशेतून तो शोधायचा, त्यात दुपार व्हायची. तोवर बाहेर ऊन तापलेलं, आत पारा रेघेला भिडलेला. गेलेला दिवा हातात घेऊन साहेब आधी तापमापीकडे बघत आणि मग पडद्यांकडे.

एप्रिलच्या शेवटी मुंबईहून कंपनीचे मोठे लोक यंत्र बघायला आले, आणि नेमके त्या दिवशी तीन दिवे गेले. पाहुणे तासभर बसले, सरबत प्याले आणि मोटारीत बसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी हिंदुराव मुकादमानं गवराबाईला ऑफिसच्या ओट्यावर बोलावलं. हातात टाइप केलेला कागद होता.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

हिंदुरावानं वाचून दाखवलं. पडदे वारंवार कोरडे ठेवल्यामुळे यंत्राचं नुकसान झालं, कामगाराला हे मान्य आहे, पुन्हा असं झाल्यास कामावरून कमी करण्यात येईल.

"अंगठा दे इथं," तो म्हणाला.

"मला सही येती."

"मग सही कर."

गवराबाई कागदाकडे बघत राहिली. रावेतच्या देवळात रात्रीचे वर्ग चालायचे तेव्हा ती दोन हिवाळे गेली होती. नाव लिहिता यायचं, मराठी आकडे यायचे, सावकाश का होईना पण वाचताही यायचं. ‘वारंवार’ हा शब्द तिनं बोट ठेवून शोधून काढला.

"एक दिवस पडदं वाळलं हुतं," ती म्हणाली. "माझ्या लेकीला, शकूला ताप हुता, मी उशिरा आले. त्ये मी त्याच दिशी सायबास्नी सांगितलं. पन वारंवार न्हाई. ह्याच्यावर सही मी करनार न्हाई."

"तू केली नाहीस म्हणून कागद खोटा होतो काय?"

"मग ठेवा तसाच."

हिंदुराव वाईट माणूस नव्हता, पण कागदावर सही न घेता परत जाणं त्याला जमणारं नव्हतं. तो कागद घेऊन खांबेटे साहेबांकडे गेला. साहेब त्याच दिवशी पंधरवड्यासाठी मुंबईला निघाले होते, मोठ्या लोकांची समजूत घालायला. आपण परत आल्यावर बघू, तोवर ज्योतीरामनं नेहमीचं गणित रोज घालावं, गेलेले दिवे बदलावेत आणि दिवा सापडल्याची वेळ नि पारा आपल्या वहीत लिहून ठेवावा, एवढं सांगून ते स्टेशनवर गेले.

घरी नवऱ्याला, चिमाजीला, तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सही करून टाकायची. नाकारून काय मिळवलंस? उद्या घरी बसवतील."

"बसवू देत. पन माझ्यामुळं दिवं जात न्हाईत."

"तुला काय ठावं कशामुळं जात्यात?"

रात्रभर हा प्रश्न तिच्या डोक्यात राहिला.

सकाळी पडदे भिजवताना तिला एक गोष्ट आठवली, किंवा खरं म्हणजे, रोज दिसत होती ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली. साडेसहाला खोलीत अंधार असायचा. खिडक्यांवर पडदे, छतावरचे दिवे बंद, कारण ज्योतीराम ते चहाहून आल्यावर लावायचा. त्या अंधारात बटण दाबलं की कपाटातले सहाशे दिवे आधी काळे, मग शेणीच्या विस्तवासारखे हळूहळू लालसर व्हायचे. हे बघायला तिला आवडायचं. त्यातला एखादा कधीतरी सुरुवातीलाच भपकन पांढरा होऊन विझायचा आणि तसाच काळा राहायचा. तिला वाटायचं, पेटेल मागाहून. दिवा गेला म्हणजे असा जातो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना सांगता आलं असतं ते त्या वेळी खोलीत नसायचे. आणि छतावरचे दिवे लागले की काचेतली ती लाली दिसेनाशी व्हायची, कुठला पेटला नि कुठला नाही, काही कळायचं नाही.

त्या दिवशी तिनं ज्योतीरामच्या टेबलावरचा खडूचा तुकडा घेतला. तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, एक दिवा काळा होता. त्याच्या खाली फळीच्या कडेवर तिनं बारीक रेघ मारली. दुपारी ज्योतीरामनं शोधून शोधून जो दिवा काढला, तो तोच होता.

कॅन्टीनमधून तिनं डालड्याचे दोन रिकामे डबे मागून आणले. ज्योतीराम मेलेल्या प्रत्येक दिव्याला कागदाची पट्टी चिकटवायचा, तिच्यावर तारीख आणि जागा, कारण ते दिवे मुंबईच्या व्यापाऱ्याला दाखवावे लागत. मग ते खोक्यात टाकून द्यायचा आणि खोकं आवरायचं काम गवराबाईचं. ती आता आवरताना निवड करू लागली. ज्याच्याखाली सकाळी खडूची रेघ होती तो एका डब्यात. रेघ नसलेला, म्हणजे सकाळी पेटून नंतर गेलेला, दुसऱ्यात. पडदे ती पूर्वीसारखेच भिजवत होती, उलट दर अर्ध्या तासाऐवजी दर वीस मिनिटांनी.

चौथ्या दिवशी ज्योतीरामनं विचारलं, "अक्का, ह्या रेघा तुम्ही मारता?"

"व्हय."

"कशापायी?"

तिनं सांगितलं. तो ऐकत होता आणि हातातला पेचकस फिरवत होता.

"म्हंजे बटण दाबल्या दाबल्या जातात," तो म्हणाला.

"समदं न्हाई. पन बरंच."

"आणि मी चहाला असतो."

गवराबाईनं मान खाली घातली. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. शकूच्या तापात ज्योतीरामनंच स्वतःजवळच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्या दिवशी तिच्या आधी येऊन दोन पडद्यांवर पाणीही त्यानंच मारलं होतं.

"भाऊ, मी तुमचं नाव घेनार न्हाई."

"नाव न घेता कसं सांगाल? साहेब विचारतील, तेव्हा ज्योतीराम कुठं होता." तो उठला. "दोन महिने दुपार-दुपार दिवे हुडकत बसलो मी. सकाळी उभा राहिलो असतो तर दिसलं असतं. जरा थांबा. इतक्यात कुणाला बोलू नका."

ती थांबली. पुढचे दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला आणि बटण दाबून चहाला गेला. त्याला राग आला की लाज वाटली, तिला कळेना. तिसऱ्या दिवशी सात वाजता तो आला, बटण दाबलं आणि दाराशी न जाता तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. छतावरचे दिवे त्यानं लावले नाहीत. दोघं अंधारात बघत राहिले. कपाटं लालसर होत गेली. पहिल्या कपाटात खालच्या अंगाला एक ठिणगी पांढरी झाली आणि विझली.

"बघितलं," ज्योतीराम म्हणाला. मग खडू घेऊन त्यानं स्वतः रेघ मारली. पुढं साहेब येईपर्यंत रोज तो चहाला आठनंतर जाऊ लागला.

खांबेटे साहेब परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. यंत्र पावसाळ्याच्या आत सुरळीत चाललं नाही तर ते विकून टाकायचं, असं मुंबईत ठरलं होतं. हिंदुरावानं पहिल्याच दिवशी तो बिनसहीचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी गवराबाईला बोलावलं. ती एका हातात एक असे दोन डबे घेऊन गेली आणि तिच्यामागून ज्योतीराम.

"हे काय?"

"गेल्या चौदा दिसांतलं मेल्यालं दिवं," ती म्हणाली. "ह्या डब्यात एकोणीस हायेत. हे सकाळी बटण दाबताना गेले. त्या वक्ताला खोली गार आसती, पारा रेघंच्या लई खाली. ह्या डब्यात चार. हे दुपारचं."

"सकाळी गेले हे कशावरून?"

"मी बघितलं. शेवटचे आठ दिवस ह्यांनीबी बघितलं."

साहेबांनी ज्योतीरामकडे पाहिलं. ज्योतीराम सरळ उभा राहून, पलटणीत उभं राहावं तसा, म्हणाला, "त्याआधीचं बाईंनी एकट्यांनी बघितलं साहेब. मी बटण दाबून चहाला जात होतो. चूक माझी आहे."

साहेबांनी डब्यातले दिवे एकेक करून टेबलावर मांडले, पट्ट्यांवरच्या तारखा वाचल्या, आपली वही काढली. वहीत दिवा सापडल्याची वेळ होती. अकरा, साडेबारा, दोन. दिवा गेल्याची वेळ कुठंच नव्हती. ती त्यांनी कधी लिहिलीच नव्हती, कारण दिवा गेला आणि दिवा सापडला या दोन वेगळ्या वेळा आहेत हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पण उष्णतेनंच जातात ते," ते थोड्या वेळानं म्हणाले, जणू स्वतःशीच वाद घालत. "थंड असताना कसे जातील?"

"साहेब, बर्म्यात आमचा एक वायरलेस सेट होता," ज्योतीराम म्हणाला. "सव्वा महिना बंद केला नव्हता. बंद करायची सोयच नव्हती. एक दिवा गेला नाही. मग तळावर परत आलो, रोज चालू-बंद व्हायला लागला, आणि आठवड्यात दोन गेले. तेव्हा मी नशीब म्हणून सोडून दिलं."

साहेबांनी एक दिवा उजेडात धरला. आतली केसासारखी तार मधोमध तुटलेली होती. गवराबाईला काय कळेल न कळेल याचा विचार न करता ते बोलत गेले. गार असताना तार वीज जास्त ओढते. एकदम सगळी वीज मिळाली की ती झटक्यात तापते, ताणली जाते, आणि कुठं कच्ची असेल तिथं तुटते. रोज संध्याकाळी आपण तिला गार करतो, रोज सकाळी झटका देतो.

"आपण रोज विश्रांती देत होतो तिला," ते म्हणाले.

"मग बंदच करायचं न्हाई?" गवराबाईनं विचारलं.

"बंदच करायचं नाही."

मग त्यांनी दुसऱ्या डब्यातले चार दिवे पुढं ओढले. "पण हे चार दुपारचे आहेत. यातल्या दोन दिव्यांवर चार मे तारीख आहे. त्या दिवशी दुपारी पारा शंभरावर होता, वहीत आहे."

गवराबाईनं आठवून पाहिलं. "त्या दिशी नळाला पानी नव्हतं. विहिरीवरनं आनत हुते, म्हून दोन पडदं वाळलं. त्ये माझं."

"पाणी नसलं तर ते तुमचं कसं?" साहेब म्हणाले. हिंदुरावाचा कागद त्यांनी पुढं घेतला, त्याच्यावर आडवी रेघ मारली, खाली इंग्रजीत काहीतरी लिहून सही केली. गवराबाई ते बघत होती.

"काय लिवलं साहेब?"

"रद्द, असं लिहिलं."

"मराठीतबी लिवा."

साहेबांनी मराठीतही लिहिलं.

यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायला मॅनेजरसाहेब आधी तयार नव्हते. आग लागली तर कोण जबाबदार, असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. शेवटी दहा दिवसांची परवानगी मिळाली. पडदे आता चोवीस तास ओले हवेत, म्हणून दोन बायका आणखी नेमल्या. त्यांना पाणी कसं मारायचं हे गवराबाईनं दाखवलं, वरच्या कडेपासून, सावकाश, वाळा पिईल तेवढंच, खाली ओघळ आला म्हणजे जास्त झालं. दहा दिवसांत तीन दिवे गेले. त्यातले दोन एकाच दुपारी, बाहेर एकशे सात अंश होतं तेव्हा. खांबेटे साहेबांनी पंख्याशेजारी दुसरा पंखा बसवून घेतला. यंत्रानं पात्याचं एक गणित न थांबता पुरं केलं, आणि मुंबईला तार गेली.

तारेत किंवा नंतरच्या अहवालात गवराबाईचं नाव होतं की नाही, हे तिला कधी कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. हिंदुराव मात्र भेटला की कारण नसताना पाण्याच्या नळाची चौकशी करायचा, आणि ती नळ बरा आहे म्हणून सांगायची.

जूनमध्ये पाऊस धरला. दमट हवेत ओल्या वाळ्याचा उपयोग होईना, उलट फळ्यांवर ओल धरायला लागली. पडदे काढून पोटमाळ्यावर टाकले. नव्या दोन बायका कॅन्टीनला गेल्या. गवराबाईला वाटलं, आता आपणही माठांवर. पण साहेबांनी तिला खोलीवरच ठेवलं. काम काय, असं हिंदुरावानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघायचं."

जुलैत एके दिवशी दुपारी लोणावळ्याकडे कुठंतरी तारा तुटल्या आणि सगळ्या पट्ट्यातली वीज गेली. कपाटं काळी पडली. पंखे थांबले. साडेतीन तास गेले, काचा हाताला गार लागू लागल्या. खांबेटे साहेब येरझाऱ्या घालत होते. सहाशे दिवे पुन्हा एकदम पेटवायचे, तर किती जातील याचा अंदाज त्यांना होता आणि कोठीत शिल्लक होते फक्त पंचवीस.

या दिवसासाठी ज्योतीरामनं एक सोय करून ठेवली होती. पंपांच्या मोटारी तपासायच्या खात्यात वीज कमी-जास्त करायचं एक मोठं चाक पडून होतं, ते त्यानं दुरुस्त करून भिंतीला बसवलं होतं. वीज आल्यावर त्यानं चाक शून्यावर ठेवून बटण दाबलं. काहीच पेटलं नाही. मग तो एका वेळी एक खूण चाक पुढं नेऊ लागला. साहेबांनी छतावरचे दिवे बंद केले आणि गवराबाई कपाटांसमोर उभी राहिली.

"दिसतंय का काही?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई अजून."

आणखी एक खूण. आणखी एक. दर पाच मिनिटांना दोन खुणा, असं करत अर्धा तास गेला. लाली इतकी सावकाश आली, की ती नक्की कधी आली ते सांगता आलं नसतं. गवराबाई पहिल्या कपाटापासून पाचव्यापर्यंत चालत गेली आणि परत आली. वाकून खालच्या फळ्या पाहिल्या. पाय उंच करून वरच्या पाहिल्या.

"चौथ्या कपाटात," ती म्हणाली, "मधली फळी, उजवीकडनं तिसरा. त्यो काळा हाय."

"बाकीचे?"

"बाकीचं लागलं."

ज्योतीरामनं चाकावरचा हात काढला आणि शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. साहेब कोठीतून एक नवा दिवा घेऊन आले. तो कसा बसवायचा हे त्यांनी तिला दाखवलं, खालच्या खुंट्या भोकांसमोर आणायच्या आणि न हलवता सरळ दाबायचं. पहिल्यांदा तो तिरका गेला. दुसऱ्यांदा बसला. तिघं त्याच्याकडे बघत थांबले, आणि बाहेर शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला तोवर तोही लालसर झाला होता.